वाचकांचे प्रश्न : रेझ्युमेतले शब्द कुठून आणायचे?

मागच्या महिन्यात या पानावर मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं : रेझ्युमेत नेमके कीवर्ड, म्हणजे एचआरवाले शोधताना टाकतात ते शब्द, नसले तर तो शोधात सापडतच नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. नव्या वाचकांसाठी सांगते, मी एकवीस वर्षं माणसं नेमायचं काम केलं. आधी भोसरीत, मग चाकणला कारखान्यांत आणि शेवटची काही वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या एचआरमध्ये. खाली जे लिहिलंय ते त्या खुर्चीत बसून जे दिसलं त्यावरून.

एक सूचना आधीच. इथे सगळे शब्द देवनागरीत छापलेत, पण खासगी नोकरीच्या रेझ्युमेत ते इंग्रजीतच लिहा आणि स्पेलिंग दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

०

ताई, मी आयटीआय मशिनिस्ट. गाव कराडजवळ. चाकणला आठ वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर आहे. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून घरी पैसे पुरत नाहीत, म्हणून चार महिने दुसरीकडे बघतोय. नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे टाकलाय, एक फोन नाही. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला तीन फोन आले. हे कीवर्ड म्हणजे नक्की कुठले शब्द आणि ते कुठे मिळतात? रेझ्युमे सोबत जोडलाय. — एक वाचक, चाकण

तुमचा रेझ्युमे दोनदा वाचला. पहिल्या चार ओळींत तुम्ही मेहनती, प्रामाणिक, सकारात्मक आणि टीममध्ये मिसळणारे आहात असं लिहिलंय. मग ‘प्रॉडक्शन डिपार्टमेंटमध्ये ऑपरेटर म्हणून कार्यरत’ ही एक ओळ. आठ वर्षांची एक ओळ. त्याखाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि छंद क्रिकेट. दोन्ही वेळा मी एकच शब्द शोधत होते. ‘व्हीएमसी’ हा शब्द त्या पानावर कुठेही नाही.

आता पडद्याच्या या बाजूला काय होतं ते सांगते. सोमवारी सकाळी साडेनऊला प्रॉडक्शन मॅनेजर दारात उभे. ‘मॅडम, सेकंड शिफ्टला सेटर पाहिजे. फानुकवाला द्या. कास्टिंगवर हात बसलेला असला पाहिजे.’ सेटर म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणारा, फानुक म्हणजे मशीनच्या कंट्रोलची कंपनी, कास्टिंग म्हणजे ओतीव भाग. मी पोर्टल उघडायचे आणि शोधाच्या चौकटीत तेच शब्द टाकायचे : व्हीएमसी, सेटर, फानुक. ठिकाण चाकण, तळेगाव, भोसरी. अनुभव पाच ते दहा वर्षं. वर आणखी एक चाळणी, गेल्या महिनाभरात ज्यांनी प्रोफाइल उघडलंय तेवढेच. त्या शोधाला बाकी काही कळत नसे, तो फक्त अक्षरं जुळवायचा. प्रॉडक्शन डिपार्टमेंटमधला मशिनिस्ट बहुधा व्हीएमसी चालवत असणार, हे मला कळतं, मॅनेजरला कळतं, पण त्या चौकटीला ते कुणी सांगितलेलं नसतं. समोर नावांची यादी यायची, मी वरून फोन लावत जायचे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिघं-चौघं मुलाखतीला तयार झाले की यादी बंद. उरलेल्यांचे रेझ्युमे उघडायला वेळच नसायचा. आणि तुम्ही तर त्या उरलेल्यांतही नव्हता.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण असा एक माणूस माझ्याच हातून सुटलाय. भोसरीच्या कारखान्यात सेटरची जागा सहा आठवडे भरत नव्हती. शेवटी आमच्याच कँटीनवाल्या काकांनी त्यांच्या शेजाऱ्याला पाठवलं. मशीनवर उभं केल्यावर वीस मिनिटांत मॅनेजर मला म्हणाले, ‘हा कुठे होता इतके दिवस?’ मी शोधलं, तर त्याचा रेझ्युमे आमच्या पोर्टलवर तीन महिन्यांपासून पडून होता. त्यात लिहिलं होतं, ‘मशीन शॉपचा अनुभव’. सहा आठवडे आमची शिफ्ट अर्धी रिकामी होती आणि सहा आठवडे तो घरी बसून होता. ती गोष्ट मला अजून लागते.

परवा मी तुम्हाला फोनवर एवढंच विचारलं होतं की शिफ्टला गेल्यावर पहिल्यापासून काय काय करता ते सांगा. तुम्ही म्हणालात : आधीच्या शिफ्टवाल्याकडून चार्ज घेतो, ड्रॉइंग बघतो, फिक्स्चर लावून डायल फिरवतो, झिरो घेतो, टूल लेंथ ऑफसेट टाकतो, पहिला जॉब काढून बोअर गेज आणि हाइट गेजवर तपासतो, क्वालिटीकडून फर्स्ट पीस पास करून घेतो, मग लॉट चालू करतो. साइज पळायला लागली की ऑफसेट देतो, इन्सर्ट बदलतो. प्रोग्रॅममध्ये बारीक दुरुस्ती करता येते. मग थोडं थांबून तुम्ही म्हणालात, एका पंप हाउसिंगवर टूलचा क्रम बदलून सायकल टाइम सहा मिनिटं चाळीस सेकंदांवरून पाच पन्नासवर आणला होता. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

कीवर्ड त्या पाच मिनिटांत होते, सगळेच्या सगळे. मी ते फक्त कागदावर उतरवून घेतलेत. पहिल्या चार ओळी काढून टाका आणि त्या जागी हे लिहा :

‘व्हीएमसी ऑपरेटर, सेटिंगसह. आठ वर्षं. फानुक कंट्रोल. एसजी आयर्न आणि ॲल्युमिनियम कास्टिंग. फिक्स्चर डायलिंग, वर्क ऑफसेट, टूल ऑफसेट, इन्सर्ट निवड, जी-कोड आणि एम-कोडमध्ये दुरुस्ती. बोअर गेज, हाइट गेज, मायक्रोमीटर, २० मायक्रॉनपर्यंतचा टॉलरन्स. फर्स्ट पीस अप्रूव्हल. पंप हाउसिंगचा सायकल टाइम ६ मि. ४० से. वरून ५ मि. ५० से.’

व्हीएमसी हे लघुरूप एकदा आणि ‘व्हर्टिकल मशीनिंग सेंटर’ हे पूर्ण नाव एकदा, दोन्ही घाला. कोण काय टाकून शोधेल ते आपल्या हातात नाही.

हुद्दा मात्र बदलू नका. नेमणूकपत्रावर ‘ऑपरेटर’ आहे ना, मग हुद्द्याच्या जागी ‘ऑपरेटर’च राहू द्या. ‘सेटिंग’ हा शब्द कामाच्या वर्णनात येऊ द्या. तो तिथेही शोधात सापडतो, आणि उद्या अनुभवपत्र आणि रेझ्युमे शेजारी ठेवले तर तुम्हाला मान खाली घालावी लागत नाही.

कुठे मिळतात, असं विचारलंत. तुम्हाला हव्या असलेल्या कामाच्या दहा जाहिराती काढा. रविवारी अर्धा तास पुरेल. वही घ्या आणि परत परत येणारे शब्द उतरवा. ‘सीमेन्स कंट्रोल’, ‘फोर्थ ॲक्सिस’, ‘आयएटीएफ’, ‘फाइव्ह एस’, ‘कायझेन’ असे येतील. प्रत्येक शब्दापाशी स्वतःला विचारा : यावर मी मॅनेजरसमोर पाच मिनिटं बोलू शकेन का? बोलता आलं तर घ्या. तुमच्या कारखान्यात आयएटीएफ १६९४९चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, ऑडिट होतं आणि ऑडिटर तुमच्या मशीनपाशी येऊन कंट्रोल प्लॅन विचारतो, असं तुम्हीच सांगितलंत. मग तो शब्द तुमचा आहे, रेझ्युमेत यायलाच हवा. फोर्थ ॲक्सिस तुम्ही चालवलेला नाही. तो सोडा.

आणि मशिनिस्टच्या स्पेलिंगमधला एक ‘आय’ गळालाय तुमच्या. अक्षर चुकलेला शब्द शोधात बहुतेक वेळा हुकतोच. एका सुपरवायझरच्या रेझ्युमेत ‘मॅनेजर’मधला एक ‘ए’ गळून त्याचा इंग्रजीत गव्हाण असा अर्थ झाला होता, गुरांच्या गोठ्यातली गव्हाण. कॉम्प्युटरचा स्पेलिंग तपासनीस अशी चूक पकडत नाही, कारण तोही खरा शब्द आहे.

दर दहा-पंधरा दिवसांनी पोर्टलवर लॉगिन करून काहीतरी अद्ययावत करत जा. नोटीस पिरियडचा रकाना रिकामा ठेवू नका.

०

मॅडम, मी जीएनएम. कोकणातल्या एका जिल्हा रुग्णालयात पाच वर्षं कंत्राटी स्टाफ नर्स आहे, एसएनसीयूमध्ये. लग्नानंतर पुण्यात यायचंय. खासगी हॉस्पिटलांच्या जाहिरातींत सगळीकडे ‘एनआयसीयू अनुभव आवश्यक’ असं असतं. माझा अनुभव एनआयसीयूचा नाही, म्हणून अर्जच करत नाही. ‘पेशंट केअर’वर कुठे घेतील का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

तुमचं पत्र वाचून मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. पाच वर्षं तुम्ही नवजात अतिदक्षतेत काढलीत आणि केवळ पाटीवरचं नाव वेगळं म्हणून अर्जच करत नाही!

एसएनसीयू म्हणजे स्पेशल न्यूबॉर्न केअर युनिट. जिल्हा रुग्णालयांत आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी असलेला सरकारी विभाग. खासगीत त्याच प्रकारच्या विभागाला एनआयसीयू म्हणतात. दोन्हींत फरक असतो, तो लपवायचा नाही. बहुतेक एसएनसीयूंत बाळ दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर ठेवत नाहीत, ते पुढे पाठवतात. पण वॉर्मर तोच, फोटोथेरपी तीच, श्वासाला आधार देणारा सीपॅप तोच आणि पहाटे तीनला साखर घसरलेलं बाळही तेच.

रुग्णालयात असताना आमच्या मेट्रन फोन करून म्हणायच्या, ‘एनआयसीयू झालेल्या मुली द्या.’ मी ‘एनआयसीयू’ टाकायचे. एसएनसीयूमधली एकही मुलगी वर यायची नाही. दोन वर्षं मला त्याचं कारण कळलं नव्हतं. मग औषधांच्या दुकानात भेटलेल्या एका सिस्टरने बोलता बोलता सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी दोन्ही शब्द टाकून शोधायला लागले. पण दर हॉस्पिटलच्या एचआरला अशी सिस्टर भेटली असेल असं धरून चालू नका. दोन्ही शब्द तुमच्याच रेझ्युमेत असले पाहिजेत. असे लिहा :

‘स्टाफ नर्स, नवजात अतिदक्षता. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे एनआयसीयूच्या धर्तीच्या सरकारी विभागात, पाच वर्षं.’

खरं ते खरं राहिलं, आणि शोधणाऱ्यालाही सापडलं.

मग तपशील. विभागात खाटा किती, एका शिफ्टला तुमच्याकडे बाळं किती, सर्वांत कमी वजनाचं बाळ किती ग्रॅमचं सांभाळलंत. रेडियंट वॉर्मर, फोटोथेरपी, सीपॅप, इन्फ्युजन पंप, ओजी ट्यूबने दूध देणं, आईला कांगारू मदर केअर शिकवणं, कावीळ, सेप्सिस, बर्थ ॲस्फिक्सिया. तुम्ही पत्राच्या शेवटी कंसात टाकलेलं ‘एफबीएनसीचं ट्रेनिंग झालंय, नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचंही झालंय’ हे वाक्य कंसात टाकण्यासारखं नाही. एफबीएनसी म्हणजे रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या काळजीचं प्रशिक्षण. ते रेझ्युमेच्या वरच्या अर्ध्या भागात यायला हवं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि ती कधीपर्यंत वैध आहे, तेही तिथेच.

व्हेंटिलेटरबद्दल असं : ‘बाळ पुढच्या रुग्णालयात हलवेपर्यंत स्थिर ठेवणं, ॲम्ब्युलन्समध्ये सोबत जाणं.’ तुम्ही हे किती वेळा केलंय ते लिहिलं नाहीत, पण पाच वर्षांत पुष्कळदा केलं असणार. दिवाळीच्या पावसात घाट उतरताना बॅग-मास्क हातात धरून बसलेल्या सिस्टर मी पाहिल्यात. ‘पेशंट केअर’ या दोन शब्दांत त्यातलं काही मावत नाही.

अर्ज याच आठवड्यात करा.

०

ताई, मी छत्रपती संभाजीनगरला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीनिअर म्हणाला, जाहिरात जशीच्या तशी कॉपी करून रेझ्युमेच्या खाली पांढऱ्या रंगात, एकदम बारीक टाइपात टाक. माणसाला दिसत नाही पण सॉफ्टवेअर वाचतं. एका वेबसाइटवर रेझ्युमे टाकला तर ‘एटीएस स्कोअर ४२’ आला, वाढवायला ७९९ रुपये मागतायत. भरू का? — एक विद्यार्थी

पैसे भरू नकोस. एटीएस म्हणजे कंपन्यांचं अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर, पण तो स्कोअर त्या वेबसाइटचा आहे. तू ज्या कंपनीत अर्ज करशील तिथे तो कुणालाही दिसत नाही.

पांढऱ्या अक्षरांचं तर मुळीच करू नकोस. मी ज्या व्यवस्थेत काम केलं तिथे फाइल आत गेली की तिच्यातला नुसता मजकूर वेगळा काढला जायचा. रंग जायचा, टाइपाचा आकार जायचा, सगळं एकसारखं काळं व्हायचं. एकदा माझ्यासमोर असाच एक रेझ्युमे आला. शिक्षण, प्रोजेक्ट, छंद आणि त्याखाली आमचीच जाहिरात, अगदी ‘कंपनीतर्फे बस आणि कँटीनची सोय’ या ओळीसकट. मुलाचे गुण चांगले होते. प्रोजेक्टही त्याचा स्वतःचा होता असं नंतर कळलं. पण त्या सकाळी मॅनेजर शेजारी उभे होते, त्यांनी तो पडद्यावर वाचला आणि पुढचा रेझ्युमे उघडायला सांगितलं. मी मध्ये बोलू शकले नाही, कारण बोलायला मला काही जागाच उरली नव्हती.

‘पंचाहत्तर टक्के रेझ्युमे सॉफ्टवेअरच नाकारतं’ हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे फिरतं, बहुधा अशाच पैसे मागणाऱ्या पानांवर. त्यावर विश्वास ठेवू नकोस. वर्कडे, सॅपचं सक्सेसफॅक्टर्स, ओरॅकलचं टॅलिओ अशा व्यवस्था मोठ्या कंपन्या वापरतात. अर्ज गोळा करणं, त्यातला मजकूर रकान्यांत भरणं, शोधू देणं हे त्यांचं मुख्य काम. आपोआप बाद व्हायचं ते बहुतेक अर्जातल्या थेट प्रश्नांवर : पदवी पूर्ण आहे का, अमुक गावी यायला तयार आहात का. ते प्रश्न घाईत ‘नाही’ करून मुलं बाहेर पडतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात.

तुझ्या रेझ्युमेत चौदा भाषा आणि तंत्रांची यादी आहे. त्यातल्या किती तू खरंच वापरल्यास? पाच ठेव. त्या पाचही प्रोजेक्टच्या मजकुरात परत दिसू देत. ‘कॉलेजच्या ग्रंथालयासाठी पुस्तक देवघेवीची प्रणाली, जावा आणि मायएसक्यूएलमध्ये. डेटाबेसची रचना आणि दंडाची आकारणी हा माझा भाग’ असं लिहिलंस की ‘जावा’ या शब्दाला आधार मिळतो. नुसत्या यादीतल्या शब्दाला तो नसतो. कोड गिटहबवर टाकून दुवा दे. एमएस-सीआयटी महाराष्ट्रात सगळ्यांना कळतं, बंगळुरूच्या एचआरला कळेलच असं नाही. संगणकशास्त्राच्या पदवीधराने ते नाही लिहिलं तरी चालतं.

डाव्या बाजूची रंगीत पट्टी आणि तिच्यातले ‘सी प्लस प्लस ८० टक्के’ दाखवणारे ठिपके काढून टाक. दोन रकाने असले की काही व्यवस्था आडव्या ओळी वाचत जातात. मग डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या कॉलेजच्या नावाला जाऊन चिकटतो. आणि ८० टक्के सी प्लस प्लस म्हणजे किती, हे मला कुठल्याच मुलाला सांगता आलेलं नाही.

०

ताई, कोल्हापुरातून लिहिते. मार्च २०१७ मध्ये अकाउंटंटची नोकरी सोडली. मुलगी लहान, मग सासूबाईंचं आजारपण. आता परत काम करायचंय. जुना रेझ्युमे काढला तर त्यात टॅली ईआरपी ९, व्हॅट, सर्व्हिस टॅक्स, सीएसटी. गेल्या वर्षी जीएसटीचा दोन महिन्यांचा क्लास केला. कीवर्ड म्हणून जीएसटी लिहिलं तर खोटं होईल का? मधली वर्षं कशी दाखवू? — एक वाचक

तुम्ही नोकरी सोडलीत मार्चमध्ये आणि जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ला. अवघ्या तीन-चार महिन्यांत तुमच्या रेझ्युमेतले अर्धे शब्द जुने झाले, त्यात तुमचा काही दोष नाही. व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स काढून टाकू नका, जुन्या नोकरीखाली एका ओळीत असू द्या. जुन्या थकबाक्यांची प्रकरणं अजून चालतात, आणि ज्याने दोन्ही करपद्धती पाहिल्यात त्याला खरेदी-विक्रीची मुळं माहीत असतात.

पण तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला, तब्येतीची चौकशी करून झाल्यावर, तुम्ही लिहिलंय : ‘भावाच्या टाइल्सच्या दुकानाचं तीन वर्षं मीच बघते, रिटर्नही मीच भरते, पण ते काही काम नव्हे, घरचंच आहे.’

ते वाक्य वाचून मी चहा खाली ठेवला. अहो, ते कामच आहे. पगार घेतला नाहीत म्हणून जमा-खर्च खोटा ठरत नाही. भावाला विचारून दुकानाचं नाव घाला आणि हुद्द्याच्या जागी ‘हिशेब सांभाळणे, अर्धवेळ, विनावेतन’ असं सरळ लिहा. मग त्याखाली जे खरोखर करता ते : टॅलीप्राइममध्ये नोंदी, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी भरणं, खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी, म्हणजे जीएसटी पोर्टलवर तयार मिळणाऱ्या खरेदीच्या यादीशी, ताडून इनपुट टॅक्स क्रेडिट तपासणं, ई-वे बिल, बँक रिकन्सिलिएशन, उधारीची यादी आणि वसुली. गुजरातमधल्या मोरबीहून माल येतो म्हणालात, म्हणजे परराज्यातल्या मालावरचा आयजीएसटीही आला. महिन्याला साधारण किती बिलं ते लिहा, खरा आकडा.

यातले सगळे शब्द अकाउंटंटच्या जाहिरातींत असतात. आणि सगळ्यांवर तुम्ही बोलू शकता, कारण दर महिन्याच्या वीस तारखेपूर्वी तुम्ही ते करता. क्लासचा उल्लेख शिक्षणाखाली एक ओळ. ई-इन्व्हॉइस तुमच्या दुकानाला लागू नाही, म्हणून तो ‘क्लासमध्ये शिकले’ असाच लिहायचा.

मधल्या वर्षांसाठी ‘२०१७ पासून कौटुंबिक जबाबदारी, गेली तीन वर्षं भावाच्या व्यवसायाचे हिशेब’ एवढं पुरे. सासूबाईंचं आजारपण रेझ्युमेत नको. मुलाखतीत विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि २बीच्या ताळमेळाकडे वळा. मला तरी समोरची बाई तिकडे वळली की बरं वाटायचं.

०

मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन झाला. आमच्या इथे एसटी स्टँडजवळच्या डीटीपीवाल्याकडून सुंदर बायोडेटा करून घेतला, वर गणपती, रंगीत बॉर्डर, मराठीत. पोर्टलवर चढवला तर नावाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं येतात. पैसे फुकट गेले का? — एक वडील, नांदेड जिल्हा

दादा, पैसे पूर्ण फुकट नाही गेले. तो कागद पतसंस्थेत किंवा ओळखीच्या ठिकाणी हातात द्यायला उपयोगी पडेल. पोर्टलला मात्र तो वाचता येत नाही. डीटीपीच्या दुकानांत अजून श्री-लिपीसारखे जुने फाँट वापरतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत खरी अक्षरं वेगळीच असतात. कोरलड्रॉमध्ये करून अक्षरांचे कर्व्ह केले असतील तर आत अक्षर म्हणून काही उरतच नाही, ते नुसतं चित्र होतं.

पोर्टलसाठी दुसरी, साधी प्रत करा. वर्डमध्ये, इंग्रजीत, एक रकाना, बॉर्डर नाही, गणपती नाही. देवाचं नाव मुलाने मनात घ्यावं. नाव आणि मोबाइल नंबर पानाच्या मुख्य भागात लिहा, हेडरच्या पट्टीत नको, काही ठिकाणी हेडर वाचला जात नाही. मग मुलाला बसवून विचारा की ॲप्रेंटिसशिपमध्ये हाताने काय काय केलं. पॅनेल वायरिंग, मोटर रिवाइंडिंग, स्टार-डेल्टा स्टार्टर, मेगर, अर्थिंग, हाउस वायरिंग, जे केलं असेल तेच. वायरमनचं लायसन्स असेल तर तेही लिहा.

पीडीएफ झाली की ती उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे उतरेल, साधारण तेच पोर्टलला दिसतं. मुलाचं नाव, नंबर आणि ‘इलेक्ट्रिशियन’ हा शब्द तिथे धडपणे आला की चढवा. नाही आला तर ती नोटपॅडची प्रत मला पाठवा, मी बघते.